शिट्टीपुरती फट

बाबांचा दात नक्की कशाने गेला यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. बाबा म्हणतात, डिंकाच्या लाडवाने. आई म्हणते, दात आधीपासूनच हलत होता, लाडू फक्त निमित्त झाला. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते आणि त्या संध्याकाळी नेमकी तिथेच बसले होते, त्यामुळे दोघंही मलाच साक्षीला बोलावतात. खरं सांगायचं तर तो लाडू खाण्याचा नव्हता, भिंतीत खिळा ठोकण्याचा होता. पण हे आईच्या तोंडावर बोलायची माझी हिंमत नाही. थंडीत मलाही त्याच डब्यातले लाडू मिळतात.

गेला तो वरचा, अगदी पुढचा, डावीकडचा दात. अर्धा बाबांच्या तोंडात राहिला आणि अर्धा लाडवात. आईने लाडू त्यांच्या हातातून काढून घेतला, तुकडा वेगळा केला, नळाखाली धुतला, चष्मा लावून पाहिला आणि "बघा, आतून किडलेलाच होता" असा निकाल देऊन टाकला. बाबा काहीतरी बोलायला गेले, पण शब्दांच्या आधी हवाच बाहेर आली.

पुढचा दात पडला की माणसं हसायचं टाळतात. आमच्याकडे तो प्रश्न नव्हता, कारण बाबा तसेही सणासुदीलाच हसतात. प्रश्न होता शिट्टीचा.

आईबाबा मुलुंड पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर राहतात. बिल्डिंगला लिफ्ट नाही. रीडेव्हलपमेंट होणार, होणार म्हणून सोसायटीने गेली कित्येक वर्षं जिन्याला रंगही काढलेला नाही. बाबांचे गुडघे रीडेव्हलपमेंटची वाट बघायला तयार नाहीत, म्हणून भाजी वर आणायची त्यांनी सोय काढली. संध्याकाळी मंडईतून आले की ते स्कूटरींच्या रांगेशेजारी उभे राहतात आणि शिट्टी वाजवतात. बोटं न घालता, नुसती दातांतून. दोन सूर, एक सपाट आणि दुसरा वर चढत जाणारा. मग आई खिडकीत येते, दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडते, बाबा त्यात भाजी भरतात, आई पिशवी वर ओढते, आणि बाबा मोकळ्या हाताने कठडा धरून जिना चढतात. भाजीसाठी म्हणून सुरू झालेली ही शिट्टी पुढे सगळ्यासाठीच वाजू लागली. किल्ली विसरली, शिट्टी. खाली चांगला फणस आलाय, शिट्टी. आकाशात काही बघण्यासारखं दिसलं तरी शिट्टी.

"या वयात स्वतःच्या बायकोला शिट्ट्या मारतात. आजूबाजूचे काय म्हणत असतील?" असं आई वर्षानुवर्षं म्हणत आली. आजूबाजूचे काहीच म्हणत नव्हते. त्यांच्या घड्याळांपेक्षा ती शिट्टी बरी चालायची.

आता कोणी म्हणेल, नावाने हाक मारावी. तर ते बाबांना जमत नाही. लग्न झालं तेव्हा घरात आजी, आजोबा, दोन आत्या, आणि सगळ्यांच्या देखत बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे निर्लज्जपणा. म्हणून "अगं" आणि "ऐकलंस का" यावर संसार सुरू झाला. आजी-आजोबा गेले, आत्या सासरी गेल्या, पण "अगं" काही बदललं नाही. आणि रस्त्यात उभं राहून "अगं" म्हणून ओरडलं तर निम्म्या मुलुंडच्या बायका खिडकीत येतील. मोबाईलचं म्हणाल, तर आईचा मोबाईल कपाटात साड्यांखाली असतो. चोरीला जाऊ नये म्हणून.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना स्टेशनजवळ, एका फरसाणवाल्याच्या वरच्या मजल्यावर आहे. माझ्यापेक्षा लहान, हसऱ्या, हात हलका. त्यांनी फोटो काढला आणि सांगितलं की मूळच उभं चिरलंय, उरलेला अर्धाही काढावा लागेल. तो काढला. जखम भरून हिरडी बसेपर्यंत दोनेक महिने थांबा, मग तिथे काय करायचं ते ठरवू, म्हणाल्या.

ते महिने वाईट गेले. पहिल्याच संध्याकाळी बाबांनी खाली उभं राहून नेहमीप्रमाणे ओठ जुळवले, आणि सायकलच्या ट्यूबमधून निघते तशी हवा निघाली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. वॉचमन धावत आला, "अंकल, इंटरकॉम लगा दूं क्या?" बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा काही विचारायला आला नाही. भाजीच्या दोन्ही पिशव्या घेऊन ते प्रत्येक मजल्यावर थांबत वर आले आणि दार वाजवलं. आईने दार उघडून विचारलं, "हाक का नाही मारलीत?" बाबांनी पिशव्या ओट्यावर नेऊन ठेवल्या.

दुसऱ्या दिवसापासून आईने तुळशीला पाणी घालायची वेळ बदलली. बरोबर बाबा यायच्या सुमाराला ती तांब्या घेऊन खिडकीत. एरवी त्या तुळशीला आठवण झाली तर पाणी मिळायचं. आता बाबांना उशीर झाला की दुसरा तांब्या, मग तिसरा. तुळस कुजायला आली. बाबा खालून वर बघायचे तर आई आधीच दोरी हातात घेऊन उभी. पिशवी वर जायची, सगळं सुरळीत व्हायचं, आणि बाबा घरात येऊन चिडायचे.

"मी बोलावलं नसताना तू खिडकीत का येतेस?"

"तुमच्यासाठी कोण येतंय? मी तुळशीला पाणी घालत होते."

मला आधी हसू यायचं. मग एकदा मी बाबांना मागच्या खोलीत पाहिलं. दार लोटलेलं, पाठ माझ्याकडे, आणि ते खालचा ओठ बोटाने दाबून, जीभ इकडेतिकडे लावून हवा सोडत होते. त्यांना बायकोला बोलावता येत नव्हतं, एवढीच गोष्ट होती. पण ती एवढीशी नव्हती हे त्यांच्या पाठीवरून कळत होतं. मला त्यांची फार कीव आली. मी आवाज न करता परत फिरले.

त्यामुळे दोन महिन्यांनी दवाखान्यात जाताना बाबा परीक्षेला निघाल्यासारखे भांग पाडून तयार होते. मी सोबत गेले. आई म्हणाली, मला घरात काम आहे.

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. एक, इम्प्लांट: हाडात स्क्रू बसवायचा, तो धरला की त्यावर दात. पण बाबांची साखर वरखाली होते आणि तिथलं हाडही पातळ झालंय, तेव्हा घाई नको, आधी साखर आटोक्यात आणा. दोन, काढता-घालता येणारी प्लेट. बाबांच्या काकांची कवळी रात्रभर पेल्यात असायची आणि लहानपणी बाबा अंधारात ते पाणी प्यायले होते, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. तीन, ब्रिज.

"ब्रिज म्हणजे काका, पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात थोडे घासून बारीक करायचे. त्यांच्यावर कॅप बसवायच्या. आणि त्या दोन कॅपच्या मध्ये नवा दात, त्यांनाच जोडलेला. त्या दोघांच्या आधाराने हा उभा."

बाबा बारा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते. त्यांनी विचारलं, "शेजारचे दोन्ही धडधाकट आहेत ना?"

"एकदम."

"मग एक पडला म्हणून त्यांना का घासायचं? त्यांची एनओसी घेतलीत का?"

डॉक्टरीणबाई मनापासून हसल्या. "तोच तर ब्रिजचा तोटा आहे. चांगले दात घासावे लागतात, आणि एकदा घासले की घासले. पण तुमच्या बाबतीत हेच लवकर होईल, पक्कं होईल. पेरू मात्र चिरून खायचा."

बाबांनी थोडा वेळ शेजाऱ्यांची बाजू लढवली आणि मग संमती दिली. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आरसा हातात घेऊन म्हणाल्या, "अजून एक. तुमच्या पुढच्या दोन दातांमध्ये आधी फट होती ना? ती ब्रिजमध्ये बंद होईल. चालेल ना?"

हाच तो क्षण. ती फट म्हणजेच तर शिट्टी. हे मला माहीत, बाबांना माहीत, आणि विचारणाऱ्या बाईंना माहीत असायचं काही कारण नाही. मी बाबांकडे पाहिलं. बाबा भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत होते. मुलीच्या वयाच्या डॉक्टरसमोर "मला बायकोला शिट्टी मारायची असते" हे वाक्य त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. अख्खी बत्तिशी गेली असती तरी निघालं नसतं. मी तोंड उघडलं तर त्यांनी खुर्चीत आडवं पडल्या पडल्या माझ्याकडे असा हात केला, जसा सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषयाबाहेर बोलणाऱ्याला करायचे.

"चालेल," बाबा म्हणाले. "फट काय कामाची?"

जिना उतरताना मी विचारलं, "बाबा, सांगितलं का नाही?"

"दात आला की शिट्टी येईल. दाताची शिट्टी आहे, फटीची नाही," ते म्हणाले. इतक्या ठामपणे, की घटकाभर मलाही पटलं.

दात घासले, मापं घेतली, रंग जुळवला. ब्रिज तयार होऊन आला तो फार सुंदर होता. डॉक्टरीणबाईंनी तो कच्च्या सिमेंटने बसवला आणि म्हणाल्या, आठवडाभर वापरून बघा, चावताना, बोलताना काही वाटलं तर सांगा, मग पक्का करू. बाबा पंधरा वर्षांनी तरुण दिसत होते. कोणत्यातरी टूथपेस्टच्या जाहिरातीतले आजोबा. आईने त्यांना दारात पाहिलं, आणि "बरं दिसतंय" एवढंच म्हणून ती आत गेली. तिच्या हिशोबाने ही तोंड फाटेस्तोवर स्तुती होती.

संध्याकाळी बाबा मंडईत गेले. मी मुद्दाम थांबले होते. आईने तुळशीला पाणी घातलं नाही. ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून काहीही न करता ऐकत होती. शिट्टी आली नाही. बऱ्याच वेळाने दार वाजलं.

पुढचा आठवडा बाबांनी न्हाणीघरात काढला. नळ सोडून आतून फू-फू चालायचं. आई बाहेरून म्हणायची, "पाणी जातंय." पण तिचा आवाज ओरडण्याचा नसायचा.

आठवडा संपल्यावर आम्ही पुन्हा दवाखान्यात निघालो, तेव्हा आई चप्पल घालून दारात उभी होती. "मी पण येते," म्हणाली. बाबांनी विचारलं कशाला, तर म्हणाली, खालून फरसाण घ्यायचंय.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काय काका, काही त्रास?"

"काही नाही. उत्तम," बाबा म्हणाले.

"हे सांगणार नाहीत," आई मागून म्हणाली, "म्हणून मी सांगते. यांची शिट्टी गेली."

"कसली शिट्टी, काकू?"

"तोंडाची. हे खालून वाजवतात."

"कोणाला?"

आईने पदर सारखा केला. "मला," ती म्हणाली.

बाबा दिव्याकडे बघत पडून होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. इतकी वर्षं जिला लोक काय म्हणतील याची काळजी, त्या बाईने परक्या माणसासमोर सगळं सांगून टाकलं होतं, आणि वर ती म्हणाली, "त्या फटीतून वाजायची. ती फट परत करून द्या."

डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली केला. "काका, मी विचारलं होतं ना?"

"विचारलं होतंत," बाबा म्हणाले.

मग डॉक्टरीणबाईंनी आईला खुर्चीवर बसवून नमुन्याचा ब्रिज दाखवला. तिन्ही दात एकमेकांना जोडलेले. मध्ये आरपार फट ठेवायची तर जोड तोडावा लागेल, आणि जोड तोडला तर मधला दात कशाच्या आधारावर राहणार? आणि घासलेले दोन दात काही परत वाढायचे नाहीत, त्यांना आता कॅप लागणारच. "आतल्या बाजूने थोडं घासून बघते. वाजली तर वाजली," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

त्यांनी थोडं घासलं. बाबा उठून बसले. डॉक्टरीणबाई, त्यांची नर्स, आई आणि मी, सगळ्यांनी त्यांच्या ओठांकडे डोळे लावले. बाबांनी गळ्यातला तो निळा कागद सारखा केला आणि फुंकर मारली. पुन्हा घासलं, पुन्हा फुंकर. नर्स बिचारी श्वास रोखून उभी होती. बाहेर बसलेल्या एका पेशंटने पडदा सरकवून विचारलं, इथे दातांचंच बघतात ना?

"बसवा," शेवटी आई म्हणाली. "पक्का बसवा. खाल्लेलं अंगी लागू दे, बास."

येताना फरसाण घ्यायचं राहून गेलं. घराजवळ आल्यावर बाबा म्हणाले, "उद्यापासून संध्याकाळी तू खिडकीत उभी राहायचं नाहीस."

"मग मला कळणार कसं?"

"ते मी बघतो."

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी तडक तिकडेच गेले. मला राहवेना. आई जमिनीवर कागद पसरून मेथी निवडत होती, खिडकीकडे पाठ करून, बाबांचा शब्द पाळत. मीही बसले. थोड्या वेळाने खालून कोणीतरी हाक मारली. बाईचं नाव. पुन्हा मारली, अधिक जोरात.

"कोण गं ही?" आई देठं खुडता खुडता म्हणाली. "दुसऱ्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलेत, त्यांच्यातली असेल."

"आई," मी म्हटलं, "तो बाबांचा आवाज आहे."

"हे कोणाला हाका मारतायत?"

"तुला. ते तुझं नाव आहे."

तिचा हात थांबला. ते तिचं सासरचं नाव होतं. लग्नात बाबांनीच तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं, त्यांनीच निवडलेलं. बँकेत आहे, रेशनकार्डावर आहे, गॅसच्या कार्डावर आहे. पण ते उच्चारून तिला कोणी कधी बोलावलंच नव्हतं. सासरी ती वहिनी झाली, मग आई, मग काकू, मग आजी. नाव कपाटातच राहिलं होतं, आणि आता पहिल्यांदा बाहेर काढलं तर तिला ओळखू येईना.

ती ओशाळून हसली, पण उठली नाही. कदाचित उठायचं तिला सुचलं नसेल. खाली शांत झालं. मला वाटलं, संपलं, आता बाबा पिशव्या उचलून जिना चढायला लागणार. समोरच्या बिल्डिंगीतल्या दोन खिडक्या उघडल्याचं मला दिसत होतं.

मग खालून दुसरीच हाक आली. छोटी, दोन अक्षरांची. आईचं माहेरचं नाव. मामा कोकणातून आंब्याची पेटी घेऊन यायचा तेव्हा नेमका त्याच स्कूटरींपाशी उभा राहून त्या नावाने ओरडायचा. मामा गेला, त्याच्याआधी मावशी गेली, आणि आईला त्या नावाने हाक मारणारं माणूस जगात उरलं नाही, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. बाबांच्या आलं होतं. ते नाव त्यांनी आयुष्यात कधी घेतलं नसेल. तो त्यांचा अधिकारच नव्हता. पुतळ्यासारखे ताठ उभे राहून, नव्या कोऱ्या दातांनिशी, सगळ्या सोसायटीच्या देखत त्यांनी ते घेतलं.

आई उठली. मांडीवरची मेथी सगळीकडे सांडली. ती खिडकीत गेली तेव्हा दोरी घ्यायचीही विसरली, आणि मला तिचा चेहरा दिसत नव्हता, नुसते गजाला धरलेले दोन्ही हात दिसत होते.

"काय म्हणालात?" तिने खाली विचारलं.

"भाजी आणलीय," बाबा म्हणाले. "पिशवी सोड."

"त्याच्या आधी काय म्हणालात? मला ऐकू नाही आलं."

समोरच्या बिल्डिंगीतल्या लोकांनाही ऐकू गेलं होतं. बाबांनी हातातली भाजी स्कूटरच्या सीटवर ठेवली, मान वर केली, आणि पुन्हा हाक मारली.